उघडिपीची वाट

२ ऑगस्टची दुपार. अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगर एमआयडीसीच्या कडेच्या एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर आम्ही सहा जण उभे आहोत आणि पाऊस पडतोय. कोपऱ्यात दुर्बीण आहे, तिच्यावर निळी ताडपत्री. पाण्याच्या टाकीखाली जेवढी कोरडी जागा आहे तिथे दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली शंभर पानी वही. दर दहा मिनिटांनी एक जण टाकीखाली वाकतो, घड्याळ बघतो, पश्चिमेकडे बघतो आणि लिहितो. ४.१०: दाट ढग, पाऊस. ४.२०: दाट ढग, पाऊस कमी. ४.३०: दाट ढग, सूर्य कुठे असेल तेही कळत नाही.

आज ग्रहण नाही. साधी अमावास्यासुद्धा नाही. ग्रहण आहे २ ऑगस्ट २०२७ ला. आपल्याकडे ते खंडग्रास असेल आणि दुपार उलटल्यावर लागेल. ऐन पावसाळ्यात त्या दिवशी त्या वेळी या गच्चीवरून सूर्य दिसण्याची शक्यता कितपत, हे ताडून पाहायला ही मंडळी २ ऑगस्टला इथे जमतात. ही त्यांची तालीम.

संपादकांनी यंदाच्या अंकाचं सूत्र कळवलं तेव्हा, ‘वाट पाहणं’ हे दोन शब्द वाचताच मला हे लोक आठवले. मी बदलापूरचा. एका मित्राच्या तोंडून त्यांच्याविषयी ऐकून होतो, पण गेलो नव्हतो. यात एक शाळेतले निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन असलेला दादा आहे. उल्हासनगरच्या कापडबाजारात हिशेब लिहिणारी एक ताई, दोन कॉलेजातली मुलं. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. वर्षानुवर्षं आकाश बघत आलेले शेजारी आहेत.

दिव्याच्या आवसेची दोन ग्रहणं

सरांनी पहिल्याच भेटीत मला एक गोष्ट समजावून सांगितली. मला ती इतकी आवडली की घरी आल्यावर मी जुनी कालनिर्णयं काढून पडताळून पाहिली.

२२ जुलै २००९ ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. एकविसाव्या शतकातलं ते सगळ्यात लांबलचक खग्रास. प्रशांत महासागरावर त्याचा खग्रास काळ ६ मिनिटं ३९ सेकंदांपर्यंत गेला. त्या दिवशी आषाढ अमावास्या होती, आपली दिव्याची आवस. आता २ ऑगस्ट २०२७ ची तिथी पाहा. तीही आषाढ अमावास्या, तीही दिव्याची आवस. हे दोन्ही एकाच घराण्यातले भाऊ आहेत.

या घराण्याला सॅरोस म्हणतात. एका ग्रहणानंतर २२३ चांद्रमास गेले की सूर्य, चंद्र आणि राहू-केतूचे बिंदू जवळजवळ पुन्हा त्याच मांडणीत येतात आणि तसंच ग्रहण पुन्हा लागतं. २२३ चांद्रमास म्हणजे अठरा वर्षं अकरा दिवसांच्या आसपास. पंचांगाच्या भाषेत सांगायचं तर अठरा वर्षांचे बारा-बारा मिळून २१६ महिने, आणि वर सात अधिक मास. २००९ ते २०२७ च्या दरम्यानचे अधिक मास मी बोटांवर मोजले: २०१०, २०१२, २०१५, २०१८, २०२०, २०२३, २०२६. बरोबर सात. म्हणून महिना तोच, तिथी तीच. आपल्या आज्या ‘धोंडा आला’ म्हणत जावयाला अनारसे द्यायच्या, तेव्हा तो धोंड्याचा महिना आकाशातला हाच हिशेब जुळवत होता.

फक्त एक फरक पडतो. अठरा वर्षं अकरा दिवसांच्या वर आणखी आठ तास उरतात. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढचं ग्रहण तेवढंच पश्चिमेला सरकतं. २००९ ला खग्रासचा पट्टा गुजरातच्या किनाऱ्यावरून भारतात शिरला आणि इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा पूर्वेला गेला. २०२७ चा पट्टा स्पेनचं दक्षिण टोक आणि उत्तर आफ्रिका ओलांडून इजिप्तच्या लक्सरवरून जाईल, तिथे सहा मिनिटांहून जास्त काळोख असेल. ऑगस्टात लक्सरला ढग जवळजवळ नसतातच. आपल्या वाट्याला त्या ग्रहणाची कड येते, आणि पावसाळा तर आहेच.

ग्रहणं ऋतू पाळत नाहीत, ही तक्रार मी सरांकडे केली. ते म्हणाले, पाळतात, पण त्यांचं वर्ष वेगळं आहे. सूर्य एका पातबिंदूपासून, म्हणजे राहू किंवा केतूपासून, निघून पुन्हा त्याच बिंदूशी यायला ३४६.६ दिवस लागतात. म्हणजे ग्रहणांचा हंगाम आपल्या वर्षाच्या मानाने दरसाल साधारण १९ दिवस अलीकडे येतो. आज डिसेंबरात असलेला हंगाम काही वर्षांनी पावसाळ्यात पोचतो. कोकणातल्या माणसाला त्यातले चार महिने निमूट सोसावे लागतात.

सुरतेचा काळोख

२००९ ला सर सुरतेला गेले होते. कल्याणहून पाच-सहा जणांनी मिळून गाडी ठरवली, रात्रभर प्रवास करून पहाटे एका मोकळ्या मैदानात पोचले. सूर्योदय सहाच्या सुमाराला, खग्रास त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत. मैदानात माणसं मावत नव्हती. आणि आकाशात तसूभर जागा मोकळी नव्हती.

“पाऊस भुरभुरत होता. पोरं रडवेली झाली होती. मी त्यांना सांगितलं, घड्याळं हातात धरा, वर बघू नका, पश्चिमेला बघा.”

पश्चिमेला का, ते सरांनी सांगितलं. चंद्राची सावली पश्चिमेकडून येते. वर ढगांचं छत असलं तर ती सावली ढगांच्या पोटावर पडते, आणि खालून पाहणाऱ्याला क्षितिजाकडून काळोखाची भिंत येताना दिसते. सकाळी इतक्या लवकर, सूर्य क्षितिजालगत असताना, सावली जमिनीवरून ताशी हजारो किलोमीटरच्या वेगाने सरकते. भिंत आली आणि डोक्यावरून गेली, असंच वाटतं.

“उजाडलेलं मावळलं,” सर म्हणाले. “दुसरे शब्द नाहीत माझ्याकडे. रस्त्यावरचे दिवे लागले. कावळे ओरडत होते ते गप्प झाले. तीन मिनिटं. मग पूर्वेकडून नाही, पश्चिमेकडून उजाडलं. मी आयुष्यात पश्चिमेकडून उजाडताना त्या एकाच वेळी पाहिलं.”

त्या दिवशी सुरतेत कुणालाच सूर्याचा करोना दिसला नाही, हिऱ्याची अंगठी दिसली नाही. बिहारमधल्या तारेगणाचं नाव त्या महिन्यात सगळ्या वर्तमानपत्रांत होतं, तिथेही ढगांनी घात केला. वाराणसीच्या घाटांवरच्या लोकांना मात्र दिसलं. दिल्लीहून गयेच्या दिशेने एक खास विमान ढगांच्या वर नेण्यात आलं होतं, आणि हवाई दलाचं एएन-३२ आग्र्याहून शास्त्रज्ञांना घेऊन उडालं होतं. ज्यांना विमान परवडत नव्हतं त्यांनी तो काळोख अंगावर घेतला.

आपल्या पट्ट्यात, म्हणजे कल्याण ते कर्जत, त्या सकाळी खंडग्रास होतं, पण नव्वद टक्क्यांहून अधिक. मी बदलापूरच्या घरी खिडकीशी उभा होतो. पाऊस होता. सकाळ मळकट झाली आणि थोड्या वेळाने पुन्हा साधी पावसाळी सकाळ झाली. तेव्हा पश्चिमेला बघायचं असतं हे मला कुणी सांगितलं असतं तर, असं सरांचं ऐकताना वाटून गेलं.

त्याहून जुनी एक चुटपुट माझ्या मनात आहे. २४ ऑक्टोबर १९९५ चं खग्रास ऐन दिवाळीत आलं होतं, आदल्याच दिवशी लक्ष्मीपूजन झालेलं. राजस्थानात नीम का थाना, बंगालमध्ये डायमंड हार्बर ही नावं तेव्हा पाठ झाली होती. आमच्याकडे ते खंडग्रास होतं आणि पाऊस संपून आकाश धुतल्यासारखं होतं. पण घरात पडदे ओढलेले. फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं. आम्ही भावंडं दूरदर्शनवर ग्रहण बघत बसलो, आणि तोच सूर्य पडद्यापलीकडे पाच पावलांवर होता. आई-वडिलांना मी दोष देत नाही, त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी आमच्या काळजीपोटी पाळलं. पण ते ग्रहण माझं राहून गेलं. पावसाळ्यातल्या एका चकतीसाठी ताडपत्री घेऊन उभं राहणाऱ्या माणसांबद्दल मला जे वाटतं, त्याचं मूळ तिथे आहे.

ढग वाचणं

पाच वाजत आले. पाऊस थांबला. गच्चीच्या कठड्याशी कॉलेजातला मुलगा मोबाइलवर उपग्रहाचं चित्र आणि कुलाब्याच्या रडारचं चित्र आळीपाळीने बघतोय. इन्सॅटच्या चित्रात अख्खा किनारा पांढरा. रडारवर मात्र पाऊस कुठे आहे आणि कुठे नाही ते दिसतं.

“रडार रिकामं दिसलं म्हणून हुरळायचं नाही,” इलेक्ट्रिशियन दादा म्हणतो. “रडार पाऊस बघतं. पाऊस नसलेला ढग असतोच की वर.”

मग त्याने मला हात करून ढगांचे थर दाखवले. सगळ्यात खाली धावणारे राखाडी पुंजके, समुद्रावरून आलेले. हे वेगात असतात, त्यांच्यामध्ये फटी असतात. त्यांच्यावर एकसंध मळभाचा थर, हा तासन्‌तास हलत नाही. खालच्या फटीतून वरचं मळभ दिसत असेल तर उघडीप नाही, ती फसवणूक. वरचा थर विरळ झाला आणि खालची फट त्याच क्षणी सूर्यासमोर आली, की चकती दिसते. दोन्ही एकदम जुळावं लागतं, म्हणजे ढगांचंही एक ग्रहणगणित आहे आणि ते कुठल्याच पंचांगात नाही.

सूर्य किती उंच आहे यावरही बरंच ठरतं. डोक्यावरच्या ढगांमधली फट आपण खालून सरळ बघतो, म्हणून ती रुंद दिसते. क्षितिजाकडे बघताना नजर ढगांना तिरकी कापत जाते, तेव्हा एका ढगाचं पोट आणि दुसऱ्याची पाठ मिळून फट बुजते. सुरतेला सूर्य क्षितिजाच्या जेमतेम वर होता, म्हणजे ढग थोडे कमी असते तरी कठीणच गेलं असतं. २१ जून २०२० ला उलट होतं, सूर्य जवळजवळ माथ्यावर. २०२७ ला पाचच्या सुमाराला तो मधल्या उंचीवर, पश्चिमेला असेल. त्याच दिशेला गेल्या काही वर्षांत अंबरनाथचे टॉवर उभे राहिलेत, म्हणून गच्ची कोणती निवडायची हाही तालमीतलाच एक प्रश्न आहे.

ग्रहण स्वतःच ढग पुसतं, हे मला माहीत नव्हतं. २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी उपग्रहाच्या जुन्या नोंदी तपासून दाखवलं, की जमिनीवरचे कापसासारखे छोटे ढग सूर्याचा सुमारे पंधरा टक्के भाग झाकला की विरायला लागतात. ऊन कमी होतं, जमीन निवते, तापलेली हवा वर चढायची थांबते, आणि त्या हवेवर जगणारा ढग मरतो. समुद्रावर असं होत नाही, कारण पाणी इतक्या लवकर निवत नाही. हे वाचून ताई फार आनंदली होती. मग दादाने तिला आठवण करून दिली की आपला पावसाळी ढग स्थानिक उन्हावर जगत नाही, तो अरबी समुद्रावरून वाऱ्याच्या पाठीवर येतो. दिवाळीनंतरच्या किंवा उन्हाळ्याच्या ग्रहणाला हा नियम कामी येईल. ऑगस्टात नाही.

बदलापुरात गच्चीवर हवामानाची यंत्रं बसवून रोजचा पाऊस आणि तापमान मांडणारे हौशी निरीक्षकही आहेत. उल्हास नदीच्या या खोऱ्यात माथेरान, चंदेरी, मलंगगडाच्या रांगेला धडकून पाऊस मुंबईपेक्षा वेगळा वागतो, हे त्यांच्यामुळे आता आमच्याकडच्या पोरांनाही तोंडपाठ आहे. दोन्ही छंदांतली माणसं एकमेकांना धरून असतात. एकाला ढग हवा असतो, दुसऱ्याला नको असतो, आकडे दोघांनाही लागतात.

जमखंडीची फट

पावसाळी ग्रहणाची आपल्या भागातली सगळ्यात मोठी गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे. ती जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

१८ ऑगस्ट १८६८. खग्रासचा पट्टा दक्षिण कोकणाच्या बाजूने शिरून विजापूरवरून गुंटूरकडे गेला होता. ग्रहणकाळी सूर्याच्या कडेला ज्या लालसर ज्वाळा दिसतात त्या कशाच्या आहेत, हा त्या काळचा मोठा प्रश्न. लंडनच्या रॉयल सोसायटीने वर्णपटदर्शक देऊन लेफ्टनंट जॉन हर्शेलला पाठवलं ते पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू, इथे त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीला होता. ऑगस्ट महिना, ढग होतेच. खग्रास सुरू झालं तेव्हा सूर्य ढगाआड होता. महिन्यांची तयारी, जेमतेम पाचेक मिनिटांचा काळोख, आणि त्यातली मिनिटं एकेक करून ढगात चाललेली. मग फट पडली. तेवढ्यात त्याने दुर्बीण ज्वाळेवर आणली आणि वर्णपटात तीन लखलखीत रेषा पाहिल्या: लाल, नारिंगी, निळी. तेजस्वी रेषा म्हणजे तापलेला वायू. प्रश्न सुटला होता, आणि तो ढगांच्या एका फटीतून सुटला.

गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनला आकाश चांगलं मिळालं. त्याने तर दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या ज्वाळांचा वर्णपट पाहण्याची युक्ती काढली. तीच युक्ती स्वतंत्रपणे ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने साधली. त्यातल्या पिवळ्या रेषेने हेलियमचं नाव जन्माला घातलं, आणि प्रत्यक्ष पृथ्वीवर तो वायू रॅम्झीच्या हाती लागला १८९५ मध्ये.

विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ आहेत आणि तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. त्यामुळे लॉकियरने १८६८ मध्ये विजयदुर्गावरूनच हेलियम शोधला असं पुष्कळ लोक सांगतात, शाळेच्या सहलीतही सांगितलं जातं. लॉकियर विजयदुर्गाला आला होता हे खरं, पण तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, एका ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला घेऊन. सोलापूर जिल्ह्यात जेऊरला त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन बसले होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथे होती. जानेवारी, कोरडं आकाश. सगळ्यांना सगळं दिसलं. मला वाटतं, कोकणाने विजयदुर्गाचा अभिमान बाळगताना त्या जानेवारीचीच तारीख मिरवावी. ती खरी आहे आणि पुरेशी मोठी आहे. जमखंडीच्या त्या पावसाळी सकाळचं नावही मुलांच्या कानावर पडावं.

चाळणी, परात, खोकं

गच्चीवरचं सामान ताईच्या ताब्यात असतं. काळ्या पॉलिमरचे ग्रहणचष्मे, दर वेळी उजेडाकडे धरून भोक किंवा चरा आहे का ते बघायचं, असला तर कात्रीने कापून फेकायचा. वेल्डिंगची १४ नंबरची काच, एमआयडीसीत ही सहज मिळते. बाजारातल्या कापडाच्या मालाची रिकामी खोकी: एका टोकाला सुईचं भोक, दुसऱ्या टोकाला पांढरा कागद, झाला सूर्यदर्शक. आणि शेजारच्या काकूंची पिठाची चाळणी. स्वच्छ उन्हात चाळणी धरली की जमिनीवर शेकडो चंद्रकोरी उमटतात, झाडाखालीही पानांच्या फटींतून तशाच.

ढगाळ दिवशी यातलं अर्धं सामान मुकं होतं. भोकातून प्रतिमा पडायला एका दिशेने आलेला उजेड लागतो. मळभातून तो सगळीकडून येतो, मग चाळणीखाली नुसती चाळणीची सावलीही धड पडत नाही. अशा वेळी मोह होतो तो नुसत्या डोळ्यांनी बघण्याचा, आणि ताई यावर कुणाचंही ऐकत नाही. विरळ ढगातून सूर्य चंद्रासारखा शांत, पांढरा दिसतो, डोळे दिपत नाहीत. पण ढग पुढच्याच सेकंदाला सरकतो, आणि तोपर्यंत बाहुली मोठी झालेली असते. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. जळताना काहीच दुखत नाही, दुसऱ्या दिवशी अक्षराच्या मध्यभागी डाग दिसतो. एक्स-रेची फिल्म, काळा गॉगल, धुरकट काच, हळदीच्या पाण्यातलं प्रतिबिंब, यांतलं काहीही सूर्याचा ताप पुरेसा अडवत नाही. काकूंनी परातीत हळदीचं पाणी ठेवून दाखवण्याची तयारी केली होती. ताईने त्यांच्याशी वाद घातला नाही. परात तिने तापमापकासाठी मागून घेतली आणि काकूंना चष्मा दिला.

काकूंनी मला मुसळाचीही गोष्ट सांगितली. त्यांच्या माहेरी ग्रहणात परातीतल्या पाण्यात मुसळ उभं करायचे, मोक्ष झाला की ते पडतं म्हणून. सरांनी त्यांच्या अंगणात अमावास्या-पौर्णिमा नसलेल्या एका साध्या मंगळवारी मुसळ उभं करून दाखवलं होतं. बूड सपाट असेल तर ते कधीही उभं राहतं. “तेव्हापासून मी गच्चीवर येते,” काकू म्हणाल्या. “पण मोक्ष झाल्यावर आंघोळ करते हं मी. ती नाही सोडली.” कुणी त्यांना सोडायला सांगितलंही नाही. स्पर्श, मध्य, मोक्ष, ग्रस्तोदित, ग्रस्तास्त, हे शब्द तर वहीतही आहेत. पंचांगाचे हे शब्द इतके नेमके आहेत की त्यांना पर्याय शोधायची गरज या मंडळींना वाटत नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.

डोंबिवलीला उघडलं

वहीतली सगळ्यात भरलेली पानं २१ जून २०२० ची आहेत. टाळेबंदीचे दिवस, कुणी कुणाच्या गच्चीवर जायचं नाही. कंकणाकृतीचा पट्टा राजस्थानातल्या सुरतगडापासून कुरुक्षेत्र, डेहराडून असा गेला होता. मुंबईच्या आसपास खंडग्रास, सकाळी १० ला स्पर्श, ११.३७ च्या सुमाराला मध्य, सूर्याचा साठ टक्क्यांच्या वर भाग झाकलेला. पाऊस नुकताच स्थिरावला होता.

त्या दिवशी दादाने एक युक्ती केली. वारा पश्चिमेचा. डोंबिवली इथून पश्चिमेला दहा-अकरा किलोमीटर. खालचे ढग ताशी तीसेक किलोमीटरने येत असतील तर डोंबिवलीवरची उघडीप वीसेक मिनिटांत अंबरनाथवर पोचायला हवी. डोंबिवलीच्या मित्राला फोनवर बसवलं. १०.५२: डोंबिवलीला उघडलं. इथे प्रत्येक जण आपापल्या गच्चीवर चष्मा कपाळावर चढवून तयार. ११.०९: आनंदनगर, चाळीस सेकंद, कोर दिसली. लगेच बदलापूरला निरोप. काही उघडिपी वाटेतच मिटल्या, त्याही लिहून ठेवल्या आहेत: डोंबिवली हो, आनंदनगर नाही. मधल्या पानावर एक वेडावाकडा आलेख आहे, सोलरच्या छोट्या पॅनेलला मल्टिमीटर लावून दर मिनिटाला घेतलेल्या आकड्यांचा. ढगांमुळे रेघ करवतीसारखी वरखाली होते. पण करवतीच्या दातांची टोकं जोडली की एक संथ दरी दिसते, साडेअकरानंतर तळाला जाऊन पुन्हा वर येणारी. ती दरी चंद्राची. सूर्य दिसला नसता तरी ती कागदावर आलीच असती.

या सगळ्यांचं आकाशाशी पहिलं नातं मात्र रात्रीचं आहे. बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. मुंबईचं खगोल मंडळ, १९८५ मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या तयारीतून उभं राहिलेलं, पावसाळा सोडून वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आलं आहे. शेवटच्या कर्जत लोकलने सतरंज्या आणि दुर्बिणी घेऊन उतरणारी माणसं आमच्या लाइनला नवी नाहीत. सरांनी शनीची कडी पहिल्यांदा तिथेच पाहिली. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करते आहे. कल्याणला आकाशमित्र मंडळ आहे. एका गच्चीवरच्या वहीच्या पाठीशी इतकी माणसं असतात.

आणि गावाचं नावही. अंबर म्हणजे आकाश. वालधुनी नदीच्या काठी शिलाहारांचं १०६० सालचं शिवमंदिर आहे. त्याच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं आणि त्याच्यावरचं शिखर पुरं झालेलं नाही. खाली उभं राहून मान वर केली की आकाश दिसतं. तालमीच्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो होतो. वर ढगच होते, पिंडीवर पावसाचं पाणी पडत होतं.

५.१०

एमआयडीसीत पाळी सुटल्याचा भोंगा झाला. रस्त्यावर रिक्षांची गर्दी. वरचं मळभ पश्चिमेला जरा पिवळट दिसायला लागलं होतं. दादा काही बोलला नाही, त्याने फक्त ताडपत्रीची दोरी सोडली. फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर आधीच लावलेला होता, तो त्याने बोटाने हलवून घट्ट असल्याची खात्री केली. मुलं चष्मे शोधायला लागली.

“खालचा पुंजका गेला की,” तो म्हणाला.

पुंजका गेला. ढगात एक नाण्याएवढी जागा उजळली आणि त्यात सूर्याची कड आली, मग अर्धी, मग पुरी गोल चकती. कुठेही चावा नसलेला, साधा, अख्खा सूर्य. तरी ताई ओरडली, “आली, आली!” आणि काकू जिन्यातून वर येताना विचारत होत्या, “दिसलं का रे? दिसलं का?” मी दुर्बिणीला डोळा लावला तेव्हा चकतीवर डावीकडे दोन काळे ठिपके होते, सूर्यावरचे डाग, आणि त्यांच्यावरून ढगाची एक झिरझिरीत चिंधी धावत गेली.

तेवढ्यात मिटलं. मुलाने घड्याळ बघितलं होतं, बावीस सेकंद. टाकीखाली वाकून त्याने लिहिलं: ५.१०, उघडीप, २२ से. दादाने ताडपत्री पुन्हा चढवली. सहा वाजेपर्यंत अजून पाच नोंदी बाकी होत्या, आणि काकू चहा घेऊन आल्या होत्या.